घरच्या फल्लीची बरणी

माझी नात भात खात नाही, वरणाकडे बघतही नाही. पोळीला पीनट बटर फासलं आणि गुंडाळी करून हातात दिली, तर मात्र दोन-दोन खाते. लेकीनं हे फोनवर सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "म्हणजे दाण्याचं लोणीच ना? त्यात काय मोठं? मी करून देतो." बोलून गेलो. पुढचं सगळं त्या बोलून जाण्यातून झालं.

तेव्हा माझा जीव एकाच गोष्टीत अडकला होता. लेक पुण्याला नोकरी करते. तिला ऑफिस दोन महिने बाहेरगावी पाठवणार होतं. जावयाची रात्रपाळी, सासू दूर नाशिकला, आणि चार वर्षांच्या पोरीला सांभाळणारी बाई काम सोडून गेलेली. "बाबा, दोन महिने तुमच्याकडे राहील का ती?" असं लेकीनं विचारलं, आणि मी हो म्हणायच्या आत तिनंच पुढं जोडलं, "नक्की नाही हं अजून. मी आधी येऊन बघते." येऊन बघते! मी काय भाड्यानं द्यायची खोली होतो? राग आला, पण गिळला. मला ती पोर हवी होती.

मी सिंदी मेघेत राहतो. बस डेपोच्या वर्कशॉपमधून मेकॅनिक म्हणून रिटायर झालो. दोन खोल्या आहेत, पुढं पेरूचं झाड आहे. बायको जाऊन तीन वर्षं झाली. सकाळी उठलो की आधी टीव्ही लावतो. बघत नाही. घरात कोणीतरी बोलत असावं म्हणून लावतो. कधीकधी दुपारचे तीन वाजतात आणि लक्षात येतं की आज आपण तोंड उघडलं ते फक्त चूळ भरायला आणि जेवायला. एकटं वाटतं. सरळ सांगतो, फार एकटं वाटतं. लोक म्हणतात भजनी मंडळात जा. गेलो होतो. तासभर टाळ वाजवतात आणि मग सगळे आपापल्या घरी जातात. मला घरी जायची वेळच तर नको होती.

नात येणार म्हटल्यावर मी कामाला लागलो. न्हाणीघराची कडी वर लावून घेतली, म्हणजे पोर आत कोंडून घ्यायची नाही. लहान खुर्ची आणली. तान्ह्या पोळ्याच्या, म्हणजे लहान पोरांच्या पोळ्याच्या, बाजारातून चाकांचा लाकडी नंदी आणला. आणि लेकीनं पाठवलेला फोटो दाखवून चौकातल्या दुकानातून त्या पीनट बटरची बरणीही आणली, बघू तरी काय प्रकार आहे म्हणून.

चष्मा लावून बरणीमागची बारीक अक्षरं वाचली आणि डोकं फिरलं. दाणे होते, ते ठीक. पण साखर, मीठ, पामतेल, आणि ते तेल वर सुटू नये म्हणून आणखी काहीतरी. तसाच परत दुकानात गेलो. दुकानदाराला म्हटलं, "दाण्यातच एवढं तेल असते, मंग वरून पामतेल कायले?"

"काकाजी, सगळेच नेतात हे," तो म्हणाला. "सील हाये, तारीख हाये, आनखी काय पायजे?"

"तारखेले काय चाटू?" मी म्हटलं. तो हसला. मी काही हसलो नाही.

संध्याकाळी लेकीला फोन लावला. ती म्हणाली, "बाबा, साखर नसलेलंही मिळतं, नुसत्या दाण्यांचं. मी ते मागवून देते. निदान त्यांच्याकडे माल तपासून घेतात."

"आपल्या घरी तपासाले तुझी आई होती," मी म्हटलं. "एका दान्यावरून पोतं ओळखे ते."

मग ती म्हणाली, "हो बाबा. आई होती." आणि फोन ठेवला. तिला काय म्हणायचं होतं ते मला तेव्हा कळलं नाही. मी आपला जिंकल्यासारखा बसलो.

समुद्रपूरकडे माझा चुलतभाऊ शेती करतो. त्याला निरोप धाडला. त्यानं उन्हाळी भुईमुगाचं एक पोतं, म्हणजे आमच्या भाषेत फल्लीचं, बसवर टाकून दिलं. माल एक नंबर. हलवली की शेंग खुळखुळ वाजत होती, इतकी वाळलेली. भावानं फोनवर बजावलं होतं, "लागंन तितलीच फोडजो. बाकी टरफलातच राहू देजो." मी हाव हाव म्हटलं. कोण ऐकतो!

पोतं उघडलं आणि फोडायला बसलो. हाताला काम मिळालं, दिवसाला आकार आला. सकाळी चहा झाला की सूप घ्यायचं, पेरूखाली बसायचं आणि फल्ली फोडायची. रस्त्यानं जाणारे विचारायचे, "काय काकाजी, काय चालू हाये?" मी सांगायचो, "नात येऊन राह्यली ना!" दिवसातून पाच-सहा जणांना हे सांगायला मिळायचं. त्यासाठी मी पोतंच काय, गाडीभर फल्ली फोडली असती. लागेल तेवढीच फोड म्हणणाऱ्या भावाचं घर माणसांनी भरलेलं आहे, त्याला काय कळणार?

पण वाळलेलं टरफल कडक असतं आणि माझा उजवा अंगठा वर्कशॉपनंच अधू केलेला आहे. तिसऱ्या दिवशी अंगठा सुजला. तेव्हा मला लहानपणचं आठवलं. पेरणीच्या आधी आमच्या घरी बियाण्याची फल्ली फोडायच्या, तेव्हा बायका आदल्या संध्याकाळी ढिगावर पाण्याचा हबका मारायच्या आणि वर ओलं पोतं टाकून ठेवायच्या. सकाळी टरफल मऊ पडायचं. बोटाला त्रास नाही आणि दाणाही फुटायचा नाही. मग मीही तेच केलं. रोज संध्याकाळी पाण्याचा हबका, वरून पोतं, सकाळी फोडायचं. आपल्याला घरचं ज्ञान आहे म्हणून स्वतःवरच खूश झालो.

बियाण्याचा तो दाणा दोन दिवसांत मातीत जायचा, ही गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही. माझा दाणा श्रावणाच्या दमट हवेत, मुंगी शिरू नये म्हणून घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या दोन ड्रममध्ये गेला. पोळ्यापर्यंत मी पोतं संपवलं. आधी फोडलेले दाणे तर ड्रममध्ये महिनाभर झाकून राहिले. खेड्यात वाढलेल्या माणसानंच करावी अशी चूक होती ती. शहरातल्याला पाण्याचा हबका ठाऊकच नसतो.

गणपती गेल्यावर लेक येणार होती. दोन दिवस आधी लोणी करायला घेतलं. मंद आचेवर कढईत दाणे भाजले, चोळले, पाखडले. काही दाणे काळपट होते, काहींवर हिरवट-करडं काही लागलं होतं. म्हटलं, माती असेल, भाजल्यावर काय राहतं? ते थोडे जास्त परतले. मग मिक्सरमध्ये घातले. आधी कूट होतो, मग गोळा होतो, आणि आता मिक्सर जळणार असं वाटायला लागतं तेव्हा दाणा तेल सोडतो आणि सगळं एकदम चमकायला लागतं. थांबत थांबत केलं. चिमूटभर मीठ घातलं, थोडा गूळ. चाखून बघितलं. गोड होतं, खारट होतं, थोडंसं कडू होतं. कडूपणा भाजण्याचा असेल असं वाटलं. काचेच्या बरणीत भरलं आणि एक वाटी शेजारणीकडे दिली. वाटी धुऊन परत आली. "छान झालं काकाजी," ती म्हणाली. मला इतकं बरं वाटलं की संध्याकाळी टीव्ही लावायचंही विसरलो.

आल्या दोघी. नात आल्या-आल्या नंदी घेऊन घरभर फिरली. चाकांचा खडखडाट, तिची बडबड, माझ्या घरात एवढा आवाज किती दिवसांनी झाला होता! लेक घर बघत होती. न्हाणीची वरची कडी बघून हसली, खुर्ची बघून हसली. मला वाटलं, झालं, पास झालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेक अंघोळीला गेली. मी गरम पोळीवर घरचं लोणी फासलं, गुंडाळी केली आणि नातीच्या हातात दिली. तिनं नाकाशी नेली आणि खाली ठेवली.

"आजोबा, वास येतो."

"येईनच. ताज्या दान्याचा वास हाये तो. खाय."

"घाण येतो."

दोन महिने मी याच क्षणाची वाट बघितली होती. माझं डोकं सटकलं. "काऊन खात नाई? दुकानातलं खाते अन् आजोबानं केलेलं घाण?" तिनं ओठ घट्ट मिटले. मी चमच्यावर लोणी घेतलं, एका हातानं तिची हनुवटी धरली आणि चमचा तिच्या तोंडात घातला. तिनं ते थुंकून टाकलं आणि भोकाड पसरलं. माझी बोटं अजून तिच्या हनुवटीवर होती. हे लिहायला मला लाज वाटते, पण तसंच झालं.

लेक ओल्या केसांनी बाहेर धावली. आधी पोरीचं तोंड धुतलं, दोन-तीनदा चूळ भरायला लावली. मग बरणी उचलली आणि लगेच तोंडापासून लांब धरली.

"बाबा! हे किती कुबट आहे! दाणे कुठले घेतले?"

मी ड्रम दाखवला. तिनं झाकण काढलं आणि मागं सरकली. मी पुढं झालो, ड्रममध्ये तोंड घातलं आणि श्वास घेतला. मला कसलाच वास आला नाही.

तिनं ओंजळभर दाणे खिडकीपाशी नेले. उजेडात सगळं दिसलं. माती नव्हती. बुरशी होती. "पण मी भाजले ना," मी म्हटलं. "भाजून जात नाही ते," ती म्हणाली. "बुरशी जळते, तिचं विष राहतं. लिव्हरवर जातं. लहान लेकरांना तर अजिबात द्यायचं नाही." पुण्यात गेल्यापासून ती शुद्ध बोलते. पण माझा चेहरा बघून ती थबकली, आणि तिच्या तोंडून लहानपणची बोली आली. "बाबा, तुमाले खरंच नाई येत वास?"

"सर्दी असंन."

"डोळे मिटा."

मिटले. तिनं काहीतरी नाकाशी धरलं. मी जोर लावून श्वास घेतला. काहीतरी म्हणायला हवं म्हणून मी म्हटलं, "जिरं."

डोळे उघडले तर तिच्या हातात हिंगाची डबी होती, झाकण काढलेली, माझ्या नाकापासून बोटभर अंतरावर. ती रडत होती.

ज्या माणसाला वर्कशॉपमध्ये लांबून आवाज द्यायचे, "मिस्त्री, जरा या, वास घ्या," तो मी. क्लच जळला की ब्रेक लायनर, ऑइल जुनं की डिझेल गळतं, गाडी न उघडता सांगायचो. बोनेटशी वाकायचो आणि सांगायचो, कधी चुकलो नाही. आणि आता हिंग कळेना!

"कधीपासून?" लेकीनं विचारलं.

मी आठवायला लागलो. मागच्या हिवाळ्यात मोठा ताप आला होता, तेव्हापासून? जून महिन्यात पोट बिघडलं होतं. उन्हाचं असेल म्हणून सोडून दिलं, दूध नासलं असेल असं मनातही आलं नाही. दोनदा वरण लागलं होतं, पण पातेलं काळं दिसलं तेव्हाच कळलं. कधीपासून ते मला सांगता येईना. दोन माणसांच्या घरात एक जण म्हणतो, "अवं, काही जळून राह्यलं का?" आणि दुसऱ्याला कळतं की आपल्याला कळलं नाही. माझ्या घरात ते म्हणणारं कोणी नव्हतं. नाक गेलं आणि मला माहीतही नव्हतं. त्या दिवशी मला बायकोची जेवढी आठवण आली तेवढी ती गेली त्या दिवशीही आली नव्हती.

शेजारीण बाहेर कपडे वाळत घालत होती. लेकीनं तिला विचारलं. ती ओशाळली. "फेकलं मी ते," म्हणाली. "काकाजीले वाईट वाटन म्हून बोलली नाई." तिचा काय दोष? पण मला वाटलं, अगं बाई, वाईट वाटू द्यायचं होतं ना.

दोन्ही ड्रममधले दाणे आणि बरणीतलं लोणी मी मागच्या मोकळ्या जागेत खड्डा करून पुरलं. ढोरांनाही टाकू नका, असं लेकीनं दोनदा बजावलं. मग ती मला कान-नाकाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, तापानंतर असं होतं, वयानंही होतं, कधी परत येतं, कधी येत नाही. रोज चार-पाच तीव्र वास घेऊन नाकाला सवय लावा, असं सांगितलं. आणि घरी गॅस आहे का, ते विचारलं. लेकीनं तिथंच माझ्याकडे बघितलं. नात दवाखान्याच्या बाकावर पाय हलवत बसली होती, माझ्यापासून एक जागा सोडून.

घरचं बरं की दुकानचं, यावर मी लेकीशी किती भांडलो होतो! आता मला कोणी विचारलं तर सांगेन की घरात वास घेणारं कोणी असेल तर घरचंच करा, चांगले वाळलेले दाणे आणा, एक-एक निवडा, थोडंच करा, लवकर संपवा. आणि एकटे असाल, नाक-डोळे थकले असतील, तर गपचूप सीलबंद बरणी आणा, नुसत्या दाण्यांची बघून. झाकणावरची तारीख चष्मा लावून वाचता येते. दुकानदार काही चुकीचं बोलला नव्हता. हे कबूल करायला मला जड जातं.

लेक आणखी चार दिवस राहिली. बोलली कमी. सारखी फोनवर असायची, पाळणाघरं शोधत होती. चौथ्या दिवशी संध्याकाळी माझ्यासमोर येऊन बसली. सगळं ठरवून आली होती. "बाबा, गॅस बंद करू. इंडक्शनची शेगडी आणते. बटरच्या चार बरण्या ठेवून जाते, बिनसाखरेच्या. दूध-भाजी शेजारच्या काकू येऊन बघून जातील, मी बोलले त्यांच्याशी. राहू द्या तिले. मले दुसरं कोन हाये?"

जे मला हवं होतं ते समोर आलं होतं. नुसतं हो म्हणायचं होतं. दोन महिने! नंदीचा खडखडाट, सकाळी उठवायला कोणीतरी, जेवताना समोर कोणीतरी. माझ्या तोंडात हो आलेलंही होतं.

पण मला माझी बोटं तिच्या हनुवटीवर दिसत होती. नाक गेलं त्याला मी काय करणार? पण पोर सांगत होती ना! दोनदा सांगितलं तिनं. घरात वास घेणारं माणूस आलं होतं, आणि मी त्याचंच तोंड दाबून त्यात चमचा घातला. इंडक्शननं ते कसं सुधारणार?

"नाई," मी म्हटलं. "नेजो तिले."

"तुम्हीच तर मागं लागले होते, बाबा!"

"हाव. लागलो होतो."

ती चिडली. उठून आत गेली. थोड्या वेळानं तिचा आवाज ऐकू आला, नाशिकला सासूशी बोलत होती. सासूबाई म्हणाल्या असाव्यात घेऊन ये, कारण लगेच गाडीची वेळ विचारणं सुरू झालं. बाहेर येऊन तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "तुम्हीही चला." मी म्हटलं, पुढं बघू. जावयाच्या आईच्या घरी जाऊन मी काय करू?

सकाळी ऑटो दाराशी आला. लेकीनं बॅगा ठेवल्या, माझ्या पाया पडली, रोज दोनदा फोन करीन म्हणाली. मी नातीला उचलून घेतलं. वाटलं, ती अंग चोरेल. नाही चोरलं. तिनं माझ्या गळ्यात हात टाकले आणि डोकं माझ्या गालाशी टेकवलं. सकाळीच न्हालेली होती, केस ओलसर होते. लहान लेकराच्या टाळूला एक वास असतो. तिची आई एवढीशी होती तेव्हा ड्यूटीवरून आलो की आधी तोच घ्यायचो. मी तिच्या केसांत नाक खुपसलं आणि श्वास ओढला. काही आलं नाही. पुन्हा ओढला.

"बाबा, गाडी चुकेल," लेक म्हणाली. मी पोर तिच्या हातात दिली.